सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि परदेशी नागरिक

सोशल सिक्युरिटी क्रमांक (मराठी अर्थ: सामाजिक सुरक्षा क्रमांक, रूढ संक्षेप: एसएसएन) हा अमेरिकेचे केंद्र सरकार तेथील नागरिकांना, कायम रहिवाशांना आणि नोकरीची परवानगी असलेल्या परदेशी व्यक्तींना देत असलेला नऊ अंकी क्रमांक आहे. सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन ही सरकारी संस्था तो देते. कामगाराच्या आयुष्यभराच्या मिळकतीची नोंद ठेवणे आणि तिच्या आधारे उतारवयातील निवृत्तिवेतन ठरवणे, हा या क्रमांकाचा मूळ उद्देश होता. पुढे आयकर, बँक, कर्ज, घरभाडे, वाहन परवाना, विमा अशा जवळपास प्रत्येक व्यवहारात तो विचारला जाऊ लागला. अमेरिकेत नागरिकांसाठी सक्तीचे राष्ट्रीय ओळखपत्र नाही. ती जागा व्यवहारात या क्रमांकाने घेतली आहे.

परदेशातून आलेल्या व्यक्तीची अडचण या दुहेरी स्वरूपातून निर्माण होते. क्रमांक मिळण्याचा मुख्य निकष आजही ‘काम’ हाच आहे, वापर मात्र कामापुरता उरलेला नाही. त्यामुळे कायदेशीर व्हिसावर राहणारे, परंतु नोकरीची परवानगी नसलेले लोक (पर्यटक, नोकरी न करणारे विद्यार्थी, नोकरदारांचे पती, पत्नी व मुले) या क्रमांकाला मुकतात आणि तो विचारणाऱ्या प्रत्येक कार्यालयात त्यांना वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागते. एच-१बी व एफ-१ या व्हिसांवर अमेरिकेत जाणाऱ्यांत भारतीयांचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांत महाराष्ट्रातून गेलेले अभियंते व विद्यार्थीही अनेक आहेत. त्यामुळे हा विषय मराठी कुटुंबांनाही जवळचा आहे.

इतिहास

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १४ ऑगस्ट १९३५ रोजी सामाजिक सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्यानुसार कामगार व मालक या दोघांकडून वर्गणी घेऊन वृद्धापकाळात निवृत्तिवेतन देण्याची योजना आखण्यात आली. एकाच नावाच्या अनेक कामगारांची मिळकत वेगवेगळ्या खात्यांत नोंदवायची तर नावावर विसंबून चालणार नव्हते, म्हणून प्रत्येक खात्याला क्रमांक देण्याचे ठरले. नोव्हेंबर १९३६ पासून टपाल कार्यालयांमार्फत क्रमांकांचे वाटप सुरू झाले. त्या काळी अर्जदाराला जन्माचा, नागरिकत्वाचा किंवा ओळखीचा पुरावा द्यावा लागत नसे. अर्ज भरून दिला की क्रमांक मिळे, आणि अर्जदार परदेशी आहे की नाही याला फारसे महत्त्व नव्हते.

क्रमांक म्हणजे काय, याविषयी लोकांत बराच गोंधळ होता. १९३८ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील लॉकपोर्ट येथील पाकिटे बनवणाऱ्या एका कंपनीने विक्रीच्या पाकिटांत नमुन्याचे कार्ड घातले आणि त्यावर कंपनीतील एका सचिव महिलेचा खरा क्रमांक छापला. पाकीट विकत घेणाऱ्या अनेकांना तो आपलाच क्रमांक वाटला. पुढील काही दशकांत ४० हजारांहून अधिक लोकांनी तो स्वतःचा म्हणून नोंदवल्याचे आढळले. अखेर तो क्रमांक रद्द करून त्या महिलेला नवा क्रमांक द्यावा लागला.

१९४३ च्या एका राष्ट्राध्यक्षीय आदेशाने इतर केंद्रीय खात्यांनाही नव्या नोंदी ठेवताना हाच क्रमांक वापरण्यास सांगण्यात आले. १९६१ च्या कायद्यानंतर आयकर खात्याने तो करदात्याचा क्रमांक म्हणून स्वीकारला. १९४६ ते १९७२ या काळातील कार्डांवर हे कार्ड ओळख पटवण्यासाठी नाही असा स्पष्ट मजकूर छापलेला असे. त्या मजकुराकडे कोणीही लक्ष दिले नाही; ज्या वर्षी तो काढून टाकण्यात आला, त्या वर्षापर्यंत क्रमांक सर्वत्र पोहोचला होता.

परदेशी नागरिकांच्या दृष्टीने १९७२ ची कायदादुरुस्ती निर्णायक ठरली. वय, ओळख आणि नागरिकत्व किंवा व्हिसाचा दर्जा यांचा पुरावा घेणे या दुरुस्तीने बंधनकारक केले आणि परदेशी व्यक्तीच्या बाबतीत नोकरीची परवानगी हा क्रमांक देण्याचा प्रमुख आधार ठरवला. तरीही पुढची बरीच वर्षे बँक खाते, आयकर किंवा वाहन परवाना अशा ‘कामाव्यतिरिक्त’ कारणांसाठी क्रमांक दिले जात होते. अशा कार्डांवर मे १९८२ पासून ‘नोकरीसाठी वैध नाही’ असा शेरा छापला जाऊ लागला. ही वाट टप्प्याटप्प्याने बंद होत गेली. आयकरासाठी १९९६ मध्ये वेगळा क्रमांक सुरू झाला आणि ऑक्टोबर २००३ पासून केवळ वाहन परवान्यासाठी क्रमांक देणे थांबले. १९९० च्या दशकात अमेरिकेत गेलेल्या अनेक अवलंबित पत्नींकडे हा क्रमांक असतो आणि नंतर गेलेल्यांकडे तो नसतो, याचे कारण हा बदल आहे. अशा जुन्या क्रमांकाने नोकरीचा हक्क मात्र मिळत नाही.

क्रमांकाची रचना

नऊ अंक तीन, दोन व चार अशा गटांत लिहिले जातात. पूर्वी पहिल्या तीन अंकांवरून अर्ज कोणत्या भागातून आला हे समजत असे. २५ जून २०११ पासून अंक यादृच्छिक पद्धतीने दिले जातात, त्यामुळे नव्या क्रमांकातून राज्याचा बोध होत नाही. ०००, ६६६ आणि ९०० ते ९९९ यांनी सुरू होणारे क्रमांक दिले जात नाहीत. एकदा दिलेला क्रमांक धारकाच्या मृत्यूनंतरही दुसऱ्या कोणाला दिला जात नाही. आजवर ४५ कोटींहून अधिक क्रमांक दिले गेले आहेत. कार्डावर छायाचित्र, जन्मतारीख किंवा पत्ता नसतो. त्यावर नाव, क्रमांक आणि सहीसाठी जागा असते.

कार्डांचे तीन प्रकार आहेत. नागरिक व कायम रहिवाशांच्या कार्डावर कोणताही शेरा नसतो. तात्पुरत्या व्हिसावर काम करणाऱ्यांच्या कार्डावर गृहसुरक्षा खात्याच्या परवानगीसहच कामासाठी वैध असा शेरा असतो. तिसरा प्रकार वर उल्लेखिलेल्या ‘नोकरीसाठी वैध नाही’ या शेऱ्याचा. तो आता विशिष्ट सरकारी लाभांसाठी क्रमांक आवश्यक असलेल्या मोजक्या परदेशी व्यक्तींनाच मिळतो. व्हिसाचा प्रकार बदलला तरी क्रमांक आयुष्यभर तोच राहतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर शेरा नसलेले नवे कार्ड घ्यावे लागते आणि त्यासाठी धारकाने स्वतः अर्ज करणे अपेक्षित असते.

पात्रता

एच-१बी, एल-१ यांसारख्या नोकरीच्या व्हिसावर आलेली व्यक्ती व्हिसाच्या स्वरूपामुळेच पात्र ठरते. व्यापारी भेट व पर्यटनासाठीच्या बी-१ व बी-२ व्हिसावर आलेल्यांना क्रमांक मिळत नाही. मुलांना भेटायला जाणारे आईवडील सहा महिने राहिले तरी त्यांना तो मिळत नाही आणि सहसा त्याची गरजही पडत नाही.

विद्यार्थ्यांची स्थिती या दोहोंच्या मधली आहे. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला केवळ प्रवेश मिळाल्याने क्रमांक मिळत नाही. २००४ पासून त्याला प्रत्यक्ष नोकरीचा पुरावा द्यावा लागतो. विद्यापीठाच्या आवारातील ग्रंथालय, भोजनगृह, प्रयोगशाळा किंवा शिक्षक-साहाय्यक यांसारखी नोकरी त्यासाठी चालते; सत्र सुरू असताना अशा कामाची मर्यादा साधारणपणे आठवड्याला २० तास असते. काम देणाऱ्या विभागाचे पत्र आणि विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे पत्र अशी दोन्ही पत्रे लागतात. नोकरी सुरू होण्यास ३० दिवसांपेक्षा अधिक अवधी असेल तर अर्जावर कार्यवाही होत नाही. ज्या विद्यार्थ्याला आवारात काम मिळत नाही, त्याला पदवीनंतरच्या प्रशिक्षण काळासाठी मिळणाऱ्या नोकरी-परवानापत्रापर्यंत, म्हणजे कधी कधी दोन वर्षे, क्रमांकाविना राहावे लागते. जे-१ व्हिसावरील विद्यार्थ्यांना त्यांच्या कार्यक्रमाच्या प्रायोजक संस्थेचे पत्र लागते.

भारतातील आधार क्रमांकाशी तुलना केल्यास निकषांतील फरक लक्षात येतो. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. आधारचा निकष वास्तव्य हा आहे. २०१६ च्या कायद्यानुसार अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस किंवा अधिक काळ भारतात राहिलेली परदेशी व्यक्तीही नोंदणी करू शकते; ती काम करते की नाही हा प्रश्न विचारला जात नाही. आधारसोबत बोटांचे ठसे व बुबुळांची नोंद असते. अमेरिकी क्रमांकासोबत असे काही नसते, आणि चूक ओळखणारा पडताळा अंकही त्यात नाही.

अर्जाची प्रक्रिया

पहिल्या क्रमांकासाठी ‘एसएस-५’ हा अर्ज आहे. त्यासाठी शुल्क नाही. अर्जाची माहिती आधी ऑनलाइन भरता येत असली तरी मूळ कागदपत्रे घेऊन सोशल सिक्युरिटीच्या स्थानिक कार्यालयात जावे लागते. झेरॉक्स किंवा नोटरीने साक्षांकित केलेली प्रत स्वीकारली जात नाही. परदेशी अर्जदाराला सामान्यतः पासपोर्ट, आगमनाची नोंद असलेले ‘आय-९४’, आणि व्हिसाच्या प्रकारानुसार ‘आय-२०’, ‘डीएस-२०१९’ किंवा नोकरी-परवानापत्र दाखवावे लागते.

देशात उतरल्यावर लगेच अर्ज करण्याऐवजी सुमारे दहा दिवस थांबावे, असा सल्ला दिला जातो. कार्यालय अर्जदाराचा व्हिसा-दर्जा गृहसुरक्षा खात्याच्या संगणकीय नोंदींशी ताडून पाहते. ती नोंद अद्ययावत झालेली नसेल तर अर्ज अडकतो आणि हाताने पडताळणी करावी लागल्यास कित्येक आठवडे जाऊ शकतात. विद्यार्थ्याने आधी विद्यापीठात हजेरी नोंदवणे आवश्यक असते. पडताळणी सुरळीत झाली तर साधारण दोन आठवड्यांत कार्ड टपालाने येते. पत्रपेटीवर आपले नाव नसलेल्या भाड्याच्या घरातील किंवा सतत पत्ता बदलणाऱ्या नवख्या व्यक्तीचे कार्ड याच टप्प्यावर परत जाण्याची शक्यता असते.

ऑक्टोबर २०१७ पासून नोकरी-परवानापत्राच्या अर्जातच क्रमांकाची मागणी करण्याची सोय करण्यात आली. स्थलांतरित व्हिसावर कायमच्या वास्तव्यासाठी येणाऱ्यांना व्हिसाच्या अर्जात अशी मागणी करण्याची सोय त्याआधीपासून होती.

हरवलेले कार्ड वर्षात तीनदा आणि आयुष्यात दहादा बदलून मिळते. नाव किंवा शेऱ्यातील बदलामुळे घेतलेले कार्ड या मर्यादेत धरत नाहीत. कार्ड लॅमिनेट करू नये असे सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन सांगते, कारण त्यामुळे कागदातील सुरक्षा-खुणा तपासता येत नाहीत. दहावीच्या गुणपत्रिकेपासून सर्व काही लॅमिनेट करण्याची सवय असलेल्यांनी ही सूचना विशेष लक्षात घ्यावी अशी आहे.

नावाचा प्रश्न

कार्डावरील नाव व्हिसाच्या कागदपत्रांवरून घेतले जाते आणि महाराष्ट्रातील नावांच्या पद्धतीमुळे येथे काही अडचणी उद्भवतात. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तिहेरी रचना मराठी भाषकांत रूढ आहे. भारतीय पासपोर्टवर पहिली दोन नावे एकाच रकान्यात येतात. अमेरिकी पद्धतीत वडिलांचे नाव मधले नाव ठरते. ते कुठे पूर्ण, कुठे केवळ आद्याक्षर आणि कुठे पहिल्या नावालाच जोडून नोंदवले जाते. विवाहानंतर मधले नाव व आडनाव दोन्ही बदललेल्या स्त्रीच्या पदवी प्रमाणपत्रावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरे असते. पगाराच्या नोंदीतील नाव व क्रमांक सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी जुळले नाहीत तर ती मिळकत कामगाराच्या खात्यात जमा होत नाही आणि आयकर विवरणपत्रही अडू शकते. पासपोर्ट, व्हिसा, कार्ड आणि पगारपत्रक या चारही ठिकाणी नाव एकाच पद्धतीने लिहिले आहे ना, हे सुरुवातीलाच पाहणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते. आडनाव नसलेल्या किंवा पासपोर्टवर एकच नाव असलेल्या व्यक्तींचा प्रश्न याहून किचकट होतो.

क्रमांक मिळेपर्यंत

नवागतांत सर्वाधिक गैरसमज या मधल्या काळाविषयी आढळतात. क्रमांक हाती आल्याशिवाय काम सुरू करता येत नाही, ही समजूत चुकीची आहे. नोकरीचा हक्क व्हिसातून किंवा परवानापत्रातून मिळतो, क्रमांकातून नव्हे. नोकरीसाठीच्या पात्रतेची तपासणी ‘आय-९’ या फॉर्मवर होते. त्यात, नियोक्ता ‘ई-व्हेरिफाय’ ही संगणकीय प्रणाली वापरत नसल्यास, क्रमांक लिहिणे कर्मचाऱ्यावर बंधनकारक नाही. प्रणाली वापरली जात असली तरी क्रमांकासाठी अर्ज केलेला कर्मचारी तो मिळेपर्यंत काम करू शकतो. तरीही अनेक कंपन्यांच्या वेतन विभागांच्या संगणकांत नऊ अंक भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही, आणि तांत्रिक सोयीचा हा मुद्दा नवख्या कर्मचाऱ्याला कायदा म्हणून सांगितला जातो.

बँकांबाबतही असेच घडते. २००१ नंतरच्या ग्राहक-ओळख नियमांनुसार परदेशी व्यक्तीचे खाते पासपोर्ट क्रमांकाच्या आधारे उघडता येते. मात्र नियम बँकेला परवानगी देतो, सक्ती करत नाही. त्यामुळे एका शाखेत खाते उघडले जाते आणि दुसऱ्या शाखेत नकार मिळतो. विद्यापीठांच्या परिसरातील शाखांना अशा ग्राहकांची सवय असते.

कर्जाच्या इतिहासाचा प्रश्न अधिक दीर्घकाळ राहतो. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन कंपन्या ग्राहकांच्या परतफेडीच्या नोंदी ठेवतात आणि त्या जुळवताना सोशल सिक्युरिटी क्रमांकावर मोठी भिस्त असते. भारतातील सिबिलचा गुणांक तेथे आपोआप चालत नाही. मुंबईत वीस वर्षे गृहकर्जाचे हप्ते वेळेवर भरलेली व्यक्तीही अमेरिकेत कोऱ्या पाटीने सुरुवात करते. घरमालक अधिक अनामत रक्कम मागतो, मोबाइल कंपनी आगाऊ पैसे घेते, आणि पहिले क्रेडिट कार्ड बहुधा ठेव ठेवूनच मिळते.

वाहन परवान्यासाठी २००५ च्या ‘रिअल आयडी’ कायद्यानुसार क्रमांक किंवा तो मिळण्यास आपण पात्र नसल्याचा पुरावा द्यावा लागतो. यासाठी सोशल सिक्युरिटी कार्यालयात जाऊन क्रमांक मागायचा, नकार घ्यायचा आणि नकाराचे पत्र वाहन परवाना कार्यालयात दाखवायचे, अशी पद्धत अनेक राज्यांत आहे. नकारासाठी रांगेत उभे राहावे लागणाऱ्या या पत्राची अवलंबित व्हिसाधारकांना चांगली ओळख असते.

अवलंबित व्हिसाधारक

एच-१बी धारकाचे पती, पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले एच-४ व्हिसावर येतात. या व्हिसावर नोकरीची परवानगी नसल्याने क्रमांकही मिळत नाही. भारतीय एच-४ धारकांत उच्चशिक्षित स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. पुणे किंवा नागपूर येथील नोकरी सोडून पतीसोबत गेलेल्या अभियंता, डॉक्टर किंवा शिक्षिकेच्या नावे अमेरिकेत कर्जइतिहास तयार होत नाही. घराचा भाडेकरार, वीजजोडणी, मोटारीचे कर्ज सर्व पतीच्या क्रमांकावर होते. कायद्याने तिचे वास्तव्य पूर्णपणे नियमित असते, पण आर्थिक नोंदींत ती जवळजवळ अदृश्य असते. पतीचा मृत्यू, घटस्फोट किंवा कौटुंबिक अत्याचार अशा प्रसंगी या अवलंबित्वाचे परिणाम विशेष तीव्रतेने जाणवतात, कारण व्हिसा, घर आणि पैसा या तिन्हींचा आधार एकाच व्यक्तीशी जोडलेला असतो.

२६ मे २०१५ पासून लागू झालेल्या नियमाने यात काही बदल केला. ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत ठरावीक टप्पा गाठलेल्या एच-१बी धारकांच्या पती किंवा पत्नीला नोकरी-परवानापत्रासाठी अर्ज करता येऊ लागला आणि परवानापत्र मिळाल्यावर क्रमांकही मिळू लागला. या नियमाला ‘सेव्ह जॉब्स यूएसए’ या संघटनेने न्यायालयात आव्हान दिले. नियम मागे घेण्याचा सरकारी प्रस्तावही मधल्या काळात आला आणि जानेवारी २०२१ मध्ये तो मागे घेण्यात आला. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टन येथील केंद्रीय अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला. एल-१ धारकांच्या जोडीदारांना नोव्हेंबर २०२१ पासून व्हिसाच्या दर्जातूनच कामाचा हक्क मान्य झाला. त्यांना वेगळ्या परवानापत्राविना ‘आय-९४’ वरील नोंद दाखवून क्रमांक घेता येतो. विद्यार्थ्यांच्या जोडीदारांना (एफ-२) काम करण्याची मुभा नाही, जे-२ धारकांना परवानापत्र घेऊन ती मिळते. एच-४ वरील मुले कोणत्याही टप्प्यावर या नियमांत बसत नाहीत. अमेरिकेत लहानाची मोठी झालेली ही मुले सोळाव्या वर्षी वर्गमित्रांप्रमाणे सुटीतली नोकरी करू शकत नाहीत. त्याच घरात अमेरिकेत जन्मलेल्या धाकट्या भावंडाकडे मात्र जन्मनोंदणीच्या वेळीच मागितलेला क्रमांक असतो.

क्रमांक नसण्याचा आर्थिक परिणाम २०२० च्या साथीच्या काळात ठळकपणे दिसला. मार्च २०२० च्या मदत कायद्याने पात्र प्रौढ व्यक्तीला १,२०० डॉलर देऊ केले. परंतु संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्यापैकी एकाकडे क्रमांक नसेल तर, सैनिकांचा अपवाद वगळता, दोघांनाही ही मदत नाकारली. कर भरणारा एच-१बी धारक केवळ पत्नीसोबत एकत्र विवरणपत्र भरल्यामुळे अपात्र ठरला. डिसेंबर २०२० च्या कायद्याने ही तरतूद पूर्वलक्षी प्रभावाने बदलली आणि क्रमांक असलेल्या जोडीदाराला रक्कम मागता येऊ लागली.

आयटीआयएन

ज्यांना सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळू शकत नाही, परंतु अमेरिकेत कर-विवरणपत्र भरायचे आहे किंवा त्यात ज्यांचा उल्लेख करायचा आहे, अशांसाठी तेथील आयकर खात्याने (आयआरएस) १९९६ मध्ये वैयक्तिक करदाता ओळख क्रमांक सुरू केला. त्याचे रूढ नाव आयटीआयएन. हाही नऊ अंकीच असतो आणि नेहमी ९ ने सुरू होतो. एच-४ वरील पत्नी, अमेरिकेत घर भाड्याने देणारा भारतीय मालक किंवा करपात्र शिष्यवृत्ती असलेला पण नोकरी नसलेला विद्यार्थी हे त्याचे नेहमीचे धारक होत.

‘डब्ल्यू-७’ हा अर्ज बहुतेक वेळा विवरणपत्रासोबतच पाठवावा लागतो. त्याला मूळ पासपोर्ट किंवा पासपोर्ट देणाऱ्या यंत्रणेने प्रमाणित केलेली प्रत जोडायची असते. मूळ पासपोर्ट टेक्सासला टपालाने पाठवून तो आठवडेच्या आठवडे परत येण्याची वाट पाहणे हा व्हिसावर राहणाऱ्यांना मोठा धोका वाटतो, म्हणून अनेक जण आयआरएसच्या मान्यताप्राप्त प्रतिनिधीकडे शुल्क देऊन पासपोर्ट प्रमाणित करून घेतात. सलग तीन वर्षे कोणत्याही विवरणपत्रात वापरला न गेल्यास आयटीआयएनची मुदत संपते.

आयटीआयएनमुळे नोकरीचा हक्क मिळत नाही, व्हिसाचा दर्जा सुधारत नाही आणि निवृत्तिवेतनाच्या खात्यात काही जमा होत नाही. मुलांसाठीची करसवलत २०१८ पासून मुलाकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक असेल तरच मिळते, त्यामुळे भारतात जन्मलेल्या एच-४ मुलांच्या पालकांना ती लागू होत नाही. नंतर सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळाल्यास आयटीआयएन वापरणे थांबवून आयआरएसला तसे कळवावे लागते. न कळवल्यास दोन्ही क्रमांकांवरील करनोंदी विभागलेल्या राहतात.

वर्गणी आणि परतावा

क्रमांक मिळाल्यावर परदेशी कर्मचाऱ्याच्या पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के (ठरावीक कमाल पगारापर्यंत) आणि वृद्धांच्या वैद्यकीय विम्यासाठी १.४५ टक्के रक्कम कापली जाते. मालकही तेवढीच रक्कम भरतो. एफ-१ विद्यार्थ्यांना साधारणतः पहिली पाच कॅलेंडर वर्षे ही कपात लागू नसते. कापणी चुकून झाली असल्यास ती परत मागता येते, परंतु अनेक विद्यार्थ्यांना याची माहिती नसते.

निवृत्तिवेतनाचा हक्क मिळण्यासाठी ४० श्रेयांक लागतात. वर्षाला कमाल चार श्रेयांक मिळत असल्याने किमान दहा वर्षांचे काम आवश्यक ठरते. एच-१बी व्हिसाची सर्वसाधारण मुदत सहा वर्षे आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांना मुदतवाढ मिळत राहते, आणि भारतीयांसाठी ही रांग फार लांब असल्याने अनेकांची दहा वर्षे त्यातच पूर्ण होतात. तसे झाल्यास भारतात परतल्यावरही निवृत्तिवेतन मिळू शकते. सहा वर्षांनी परतणाऱ्याची वर्गणी मात्र सहसा त्याच्या उपयोगी पडत नाही आणि परतही मिळत नाही.

इतर अनेक देशांच्या कामगारांची अशी अडचण दोन्ही देशांतील सेवाकाळ एकत्र धरणाऱ्या सामाजिक सुरक्षा करारांनी सुटते. अमेरिकेचा असा पहिला करार १९७८ मध्ये इटलीशी अमलात आला. आता ब्रिटन, जर्मनी, जपान, दक्षिण कोरिया यांसह सुमारे तीस देशांशी तो आहे. भारताचेही जर्मनी, बेल्जियम, फ्रान्स, नेदरलँड्स, कॅनडा, जपान इत्यादी देशांशी करार आहेत. भारत व अमेरिका यांच्यात मात्र असा करार झालेला नाही. भारत सरकार आणि माहिती तंत्रज्ञान उद्योग हा विषय दीर्घकाळ मांडत आले आहेत. भारतीय कंपनीने अमेरिकेत पाठवलेल्या कर्मचाऱ्यासाठी भारतात भविष्य निर्वाह निधी आणि अमेरिकेत सामाजिक सुरक्षा अशी दुहेरी वर्गणी भरण्याची वेळ येते.

गैरवापर आणि सुरक्षितता

केवळ नऊ अंक माहीत असणे हाच ओळखीचा पुरावा मानला जात असल्याने क्रमांकाची चोरी ही गंभीर समस्या आहे. अलेसांद्रो अक्विस्टी आणि राल्फ ग्रोस या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये असे दाखवून दिले की जन्मस्थळ व जन्मतारीख यांवरून क्रमांकाचा बराचसा भाग सांख्यिकी पद्धतीने ओळखता येतो. २०१७ मध्ये इक्विफॅक्सच्या संगणकांतून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली, त्यात बहुतेकांचे हे क्रमांक होते. १९७४ च्या खासगीपणाच्या कायद्यानुसार सरकारी कार्यालयाने क्रमांक मागताना तो देणे सक्तीचे आहे की ऐच्छिक, आणि कशासाठी हवा आहे, हे सांगणे आवश्यक आहे. खासगी दुकानदार वा घरमालक यांना ती अट लागू नाही.

नवागतांना फसवणुकीच्या दूरध्वनींचाही उपद्रव होतो. आपला क्रमांक ‘निलंबित’ झाला असून अटक टाळण्यासाठी त्वरित पैसे भरावेत, अशी धमकी त्यांत दिली जाते. असे निलंबन प्रत्यक्षात अस्तित्वात नाही. अमेरिकी सरकारी खात्यांच्या नावाने होणाऱ्या अशा फसवणुकीचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो: ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा तेथून अमेरिकेतील लोकांना आयआरएसचे अधिकारी असल्याचे भासवून दूरध्वनी केले जात असल्याचे उघड झाले. व्हिसा जाण्याच्या भीतीमुळे नवे स्थलांतरित अशा धमक्यांना सहज बळी पडतात. कार्ड पाकिटात न बाळगता घरी सुरक्षित ठेवावे आणि क्रमांक पाठ करावा, अशी सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनची सूचना आहे.